जंतूंची सोयरीक

रागिणीचा फोन आला तेव्हा यामिनी प्रयोगशाळेत हातमोजे चढवत होती.

"ताई, आर्वी उठतच नाहीये गं."

"उठत नाही म्हणजे?"

"हाक मारली की डोळे उघडते आणि परत झोपते. काल उलट्या झाल्या. ताप तर पंधरवड्यापासून येऊनजाऊन आहेच. इथले डॉक्टर म्हणाले, पोटाचं इन्फेक्शन. पण आज सकाळी मला तिचे डोळे तिरळे वाटले."

या शेवटच्या वाक्यावर यामिनीनं हातमोजे उतरवले. "कपडेबिपडे भरत बसू नकोस," ती म्हणाली. "गाडी काढ आणि सरळ इकडे ये."

डॉ. यामिनी लांजेवार धानपट्ट्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी, सरकारी रुग्णालयात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होती. रागिणी तिची धाकटी बहीण. ती तासाभराच्या अंतरावर तालुक्याच्या गावी बँकेत नोकरीला होती. नवरा गुजरातच्या किनाऱ्यावर समुद्रातल्या पवनचक्क्या सांभाळायचा आणि दोन-तीन महिन्यांनी घरी यायचा. पाच वर्षांची आर्वी दिवसभर आजीकडे असे. आजी म्हणजे या दोघींची आई, चंद्रकलाबाई. बाईंचा शिवणक्लास होता. पुढच्या खोलीत चार-पाच मशिनी आणि त्यांच्या मधून चिंध्यांचे पतंग करत फिरणारी आर्वी, हे तिथलं रोजचं चित्र होतं.

मुलीला बघताच बालरोगतज्ज्ञ डॉ. फुलझेल्यांनी मान हलवली. मान वाकवायला गेलं की पोर कण्हत होती. पाठीतलं पाणी काढायचं ठरलं.

"सर, भरपूर लागेल मला," यामिनी म्हणाली. "चार थेंबांत क्षयाचा जंतू सापडत नाही."

"देतो. पण तपासणी तूच करणार का? भाची आहे तुझी."

"आज दुसरं कोणी नाहीये."

नळी हातात आली तेव्हा तिनं ती उजेडासमोर धरली. पाणी जवळजवळ स्वच्छ, किंचित धुरकट. पू असता तर गढूळ दिसलं असतं आणि साध्या मेंदूज्वराची औषधं सुरू करून मोकळं होता आलं असतं. हा धुरकटपणाच वाईट. साखर उतरलेली, प्रथिनं वाढलेली, पांढऱ्या पेशी लिंफोसाइट जातीच्या. सगळी बोटं क्षयाकडे वळत होती, पण नुसत्या बोटांवर कुणी वर्षभराचे उपचार सुरू करत नाही.

मेंदूच्या आवरणाला होणारा क्षय हा या रोगाचा सर्वांत कपटी अवतार. फुप्फुसाच्या क्षयात बेडक्यात जंतूंचा सुकाळ असतो. मेंदूच्या क्षयात त्या पाण्यात ते इतके तुरळक असतात, की सूक्ष्मदर्शकाखाली काचेमागून काच तपासली तरी एखादा दिसेल न दिसेल. प्रयोगशाळेत वाढवून बघावं तर हा जंतू सावकाश वाढणारा, सहासहा आठवडे लावणारा. तोवर मूल हातचं जातं. यामिनीच्या गुरूंच्या पिढीतले डॉक्टर म्हणूनच अंदाजानं उपचार करत. अंदाज बरोबर ठरला तर पोर वाचे, आणि चुकला तर तो चुकला हे कळायलाही उशीर होई.

'सुगावा' आल्यापासून हे बदललं होतं. मिक्सरएवढं ते यंत्र सगळं पाणी गरगर फिरवून तळाशी बसलेलं गोळा करी, मेलेल्या जंतूंचे तुटके धागेदेखील वेचून काढी आणि त्यांच्यावरची अक्षरं वाची. शिवाय रोग्याच्या स्वतःच्या पेशी कोणत्या शत्रूविरुद्ध तयारी करताहेत, हेही पाही. दोन साक्षी जुळल्या की तासाभरात उत्तर मिळे. पहिल्या ओळीत क्षय आहे की नाही, दुसऱ्या ओळीत कोणती औषधं चालतील. राज्यभर यंत्रं बसल्यावर वर्षाभरानं त्यात तिसरी ओळ आली. हा जंतू कुणाच्या जंतूचा जवळचा नातलग आहे, ते ती सांगे.

आर्वीच्या पहिल्या ओळीत 'आहे' आलं. दुसरीत नेहमीच्या चार औषधांपैकी एक चालणार नाही, असं होतं. नेहमीच्या गोळ्या सुरू केल्या असत्या तर त्यातली एक फुकट गेली असती आणि मेंदूच्या क्षयात तेवढंही महागात पडतं. फुलझेल्यांनी त्या औषधाच्या जागी दुसरं घातलं, सूज उतरवणारं इंजेक्शन जोडलं आणि दुपारच्या जेवणाआधी उपचार सुरू झाले.

तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं : जवळचा नमुना संग्रहात नाही. घरातल्यांची तपासणी करावी.

दुसऱ्या दिवशी बेडके तपासायला सगळे आले. रागिणी निर्दोष निघाली. सुट्टी घेऊन धावत आलेला तिचा नवरा कुणालही निर्दोष. चंद्रकलाबाई डबीत थुंकताना म्हणाल्या, "मले काही नाही झालं. हा तर कपड्याच्या धुळीचा खोकला हाये. सुती कापड फाडलं का येतेच."

"किती दिवस आहे?"

"दिवाळीपासून असन. मधी डॉक्टरले दाखवाचं होतं, ते राहून गेलं."

होळी होऊन गेली होती.

सुगाव्यानं बाईंच्या बेडक्यात क्षय दाखवला. तेच औषध न चालणारा. आणि तिसऱ्या ओळीत आर्वीच्या नमुन्याचा क्रमांक, पुढे 'अंतर : एक'.

हे अंतर म्हणजे काय, ते यामिनीनं पुढे सगळ्यांना एकाच उदाहरणानं समजावलं. ब्लाउजच्या कटिंगचा कागद एकीचा दुसरीनं उतरवून घ्यायचा, दुसरीचा तिसरीनं. उतरवताना कुठेतरी कात्री किंचित हलते आणि ती चूक पुढच्या सगळ्या कागदांत राहते. कुणाच्या कागदात कोणत्या चुका आहेत ते पाहिलं, की कोणते कागद एका घराण्यातले, हे कळतं. क्षयाच्या जंतूच्या कागदावर चव्वेचाळीस लाख अक्षरं असतात आणि वर्षा-दोन वर्षांत एखादंच बदलतं. चव्वेचाळीस लाखांत एकाच अक्षराचा फरक, म्हणजे घरचीच सोयरीक.

नियम असा होता की तीनही ओळी एका दिवसात पालकाच्या फोनवर जायच्या. आपल्या मुलाला रोग कुठून आला, हे कळण्याचा हक्क आईबापांना आहे, असं मोठा वाद होऊन ठरलं होतं. अहवालात नाव नसे. 'घरातली व्यक्ती', 'शेजारची व्यक्ती' एवढंच असे. पण नाव लागतं कशाला? तपासणीनंतर घरात औषध कुणाला सुरू झालं, ते सगळ्यांना दिसतंच. डॉक्टरला वाटलं तर कारण लिहून एखादी ओळ थांबवता येई.

यामिनीनं आर्वीची तिसरी ओळ थांबवली. कारणाच्या जागी तिनं लिहिलं : उपचारात अडथळा येण्याची शक्यता.

आईला ती म्हणाली, "तुलाही टीबी आहे. दोघींना कुठूनतरी लागलाय. गोळ्या घेतल्यास की बरी होशील. तोवर मास्क, आणि क्लास बंद."

बाईंनी नात कशी आहे एवढंच विचारलं.

आठवड्यानं आर्वी शुद्धीवर आली. तिनं पाणी मागितलं, मग आजी मागितली. तिचा डावा हात मात्र पांघरुणावर पडून होता, बोटं उचलत नव्हती. फुलझेले म्हणाले, व्यायामानं बरीचशी ताकद येईल, पूर्ण येईलच असं नाही. चार दिवस उशीर झाला असता तर आपण हाताबद्दल बोलतच नसतो.

त्या दुपारी रागिणी प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

"माझ्या अहवालात दोनच ओळी का आहेत?"

यामिनीनं मान वर केली.

"वॉर्डात सगळ्यांच्या फोनवर तीन आहेत. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं दाखवलं. त्यांच्या तिसऱ्या ओळीत 'घरातली व्यक्ती' आलं आणि मोठ्या दिराची चूल वेगळी झाली. ती मला विचारत होती, तुमचं कोण निघालं? माझ्याकडे ओळच नाही, ताई."

"नवा नमुना आला की मग…"

"खोटं बोलू नकोस. आईला औषध चालू झालंय, हे मला दिसत नाही का? मला फक्त तुझ्या तोंडून ऐकायचंय."

यामिनीनं सांगितलं. एक अक्षराचं अंतर, आणि त्यावरून काय ठरतं, काय ठरत नाही, तेही सांगितलं. कोण कुणाचा नातलग एवढं यंत्राला कळतं. कुणी कुणाला दिला, ते कळत नाही. पण रागिणीनं पहिलं वाक्य ऐकलं आणि तिथेच ती थांबली.

"चार महिने खोकत होती. चार महिने माझ्या पोरीला मांडीवर घेऊन खोकत होती."

"तिनं तुला सांगितलं होतं ना, डॉक्टरकडे जायचंय म्हणून? तू काय म्हणालीस? ऑडिट होऊ दे, मग आर्वीला सांभाळायला मी रजा टाकते."

यामिनीला वाटलं, हे बोलायला नको होतं. पण बोलून झालं होतं.

"म्हणजे माझंच चुकलं," रागिणी सावकाश म्हणाली. "ठीक आहे. माझं चुकलं. पण आईला सांग, वॉर्डात यायचं नाही. बरी झाल्यावरही नाही. आर्वीच्या आसपास मला ती दिसायला नको."

यामिनीनं अडवलेली ओळ मोकळी केली. आता थांबवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. रागिणीनं कुणालच्या देखत आईला फोन केला आणि जे सांगायचं ते सांगितलं. चंद्रकलाबाई एवढंच म्हणाल्या, "बरं." दुसऱ्या दिवसापासून त्या आर्वीची चौकशी यामिनीकडे करू लागल्या, तीही फोन करून, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी. हात हलवते का? भात खाल्ला का? माझं नाव काढते का?

"काढते," यामिनी सांगे. ते खरंच होतं.

शिवणक्लासच्या बायकांचीही तपासणी करायची होती. आरोग्यसेविका घरोघर जाऊन डब्या गोळा करून आली. सगळ्या निरोगी निघाल्या, पायल सोडून. पायल बावीस-तेवीस वर्षांची, पलीकडच्या टोलीवरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची सून. अंगावर पिणारी तान्ही मुलगी घेऊन ती क्लासला येई. बाळ चिंध्यांच्या ढिगावर निजे आणि जागं झालं की आर्वी त्याला खेळवी. पायलला खोकला जवळजवळ नव्हताच. वजन उतरलं होतं, ते बाळंतपणानं असेल असं सगळ्यांनी धरलं होतं.

तिच्या नमुन्याची तिसरी ओळ यामिनीनं दोनदा वाचली. चंद्रकलाबाईंपासून अंतर एक. आर्वीपासून अंतर शून्य.

म्हणजे बदललेलं ते एक अक्षर आईच्या जंतूत होतं. पायलच्यात आणि आर्वीच्यात जुनाच कागद, जसाच्या तसा. मग पायलकडून आर्वीला आणि पायलकडूनच आईला, असं असू शकत होतं. किंवा आईकडून दोघींना, आणि ते अक्षर आईच्या फुप्फुसात त्यानंतर बदललं, असंही असू शकत होतं. तिनं नमुने पुन्हा फिरवून जास्त खोल वाचून पाहिले. यंत्र तिथंच अडलं. पण साधा हिशेब कुणीही केला असता, तर शून्य हे एकापेक्षा जवळचं.

नवा नमुना संग्रहात गेला की सुगावा जुने अहवाल आपणहून सुधारी. रागिणीच्या फोनवर जायची नवी ओळ पडद्यावर तयार होती : घराबाहेरची, रोजच्या संपर्कातली व्यक्ती. अंतर : शून्य. दिवस संपायच्या आत ही ओळ आपोआप गेली असती आणि आई सुटली असती. पण आधी आईला स्वतःच्या तोंडानं सांगावं, म्हणून ती सुट्टी टाकून तालुक्याला गेली.

चंद्रकलाबाई ओसरीत मास्क लावून बसल्या होत्या. मशिनींवर चादरी टाकलेल्या. दोघींत चार हातांचं अंतर ठेवून यामिनीनं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "तर बहुतेक तुझ्यामुळे नाही, आई. मी म्हणत होतेच."

बाई म्हणाल्या, "बहुतेक म्हंजे काय? पक्कं सांगते का तुझं यंत्र?"

"पक्कं नाही. पण रागिणीला एवढंही पुरेल."

"पुरन ना. मग ती काय करन?"

"काय करणार? तुझ्यावरचा राग जाईल."

"आन जाईन कुठं?"

यामिनीची नजर चादरी टाकलेल्या मशिनींकडे गेली.

"पायलची सासू तिले क्लासले येऊ देत नव्हती," बाई म्हणाल्या. "मी सोता जाऊन बोलली म्हणून आली. आता बँकेतल्या मॅडमच्या पोरीले हिनं रोग देल्ला, असं एकडाव गावात झालं का तिले माहेरी धाडतेत. माहेरी बाप नाही, भाऊ इचारत नाही. तान्ही पोरगी पदरात. गोळ्या तरी घेईन का ते धड?" त्यांनी मास्क नीट केला. "तिचं औषध हे न सांगता सुरू होते का?"

"ते सुरू झालंच आहे. बाळाची तपासणी झाली. त्याला अजून काही नाही, प्रतिबंधाचं इंजेक्शन द्यायचं."

"मंग झालं. तुले थांबवता येते ना ते ओळ? थांबव."

"आई, रागिणी तुझं तोंड बघत नाही."

"माहीत हाये मले."

"आर्वीला भेटू देत नाही."

बाईंचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. "रागिणी माही पोरगी हाये. रागावली तं किती रागावन? आन मले कोन घराबाहेर काढते? घर माह्या नावावर हाये."

परतीच्या वाटेवर यामिनी स्वतःशीच भांडत आली. रागिणीला कळण्याचा हक्क होता, तो नियमानं दिलेला होता. आईचा शब्दही होता. आणि पायलला यातलं काही विचारलंच नव्हतं. प्रयोगशाळेत येऊन तिनं पडदा उघडला. कारणाच्या जागी या वेळी लिहिलं : या माहितीवरून संसर्गाची दिशा ठरत नाही. लिहिलेलं वाचून तिला जाणवलं, की हे कारण आईच्या वेळी अडवलेल्या ओळीलाही तितकंच लागू होतं आणि आजवर तिनं पाठवलेल्या कितीतरी ओळींनाही. त्या ओळींनी कुठे काय केलं असेल, ते तिला ठाऊक नव्हतं.

तिनं राज्याच्या क्षयरोग विभागाला तसं कळवलं. त्यांनी तत्परतेनं उत्तर पाठवलं, सूचना रास्त असल्याचं मान्य केलं आणि तिसऱ्या ओळीखाली बारीक अक्षरांत एक वाक्य टाकलं. वॉर्डातल्या बायका ते वाचत नसत.

आर्वीला घरी सोडलं तेव्हा मे महिना लागला होता. हाताच्या व्यायामासाठी रोज दवाखान्यात यायचं, म्हणून रागिणी तिला घेऊन यामिनीच्या क्वार्टरवरच राहिली. कुणाल कामावर परत गेला होता. आर्वी आता डाव्या मुठीत चेंडू धरी, पण फेकताना तो हातातून गळून पडे. मग चिडून उजव्या हातानं फेकी. चंद्रकलाबाईंचा बेडका स्वच्छ झाला होता. आता त्यांच्यापासून कुणाला धोका नाही, हे यामिनीनं रागिणीला सांगितलं. रागिणीनं ऐकून घेतलं आणि विषय बदलला.

एका संध्याकाळी ती दवाखान्यातून आली आणि पर्स न ठेवताच स्वयंपाकघरात आली. यामिनी कणीक मळत होती.

"आज पायल दिसली. आईच्या क्लासमधली. बाळाला इंजेक्शन द्यायला आली होती." रागिणी ओट्याला टेकली. "तिलाही टीबी आहे म्हणे. आई तिच्याकडे दर आठवड्याला अंडी पाठवते, असं सांगत होती. मला बघून रडली. म्हणाली, बाईंनी पोरीसारखं केलं."

"हं."

"कधी कळलं तुम्हाला?"

"मार्चच्या शेवटी. क्लासची तपासणी झाली तेव्हा."

रागिणी बँकेतली होती. आकडे जुळवणं तिच्या हातचा मळ. "नवा नमुना आला की जुना अहवाल सुधारून येतो. वॉर्डात दोघी-तिघींना आला होता. मला आला नाही." ती थांबली. "पायलचं आर्वीशी अंतर किती?"

यामिनीनं हात धुतले. नळ बंद केला. "ते मी सांगणार नाही."

"म्हणजे आहे काहीतरी."

"आहे. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, हे मी तुला आईच्या वेळीही सांगितलं होतं. तेव्हा तू ऐकलं नाहीस."

रागिणीला राग येईल असं यामिनीला वाटलं. हक्काची भाषा येईल, तक्रारीची येईल, आणि ती तक्रार रास्तही असेल. यामिनी त्याला तयार होती. पण रागिणी बाहेरच्या खोलीत बघत होती. तिथे आर्वी जमिनीवर बसून दोन्ही हातांनी चेंडू दाबत होती.

"हे आईला माहीत आहे?"

"आहे."

"मार्चपासून?"

"मार्चपासून."

"आणि तिनंच सांगितलं, मला कळवू नका म्हणून?"

यामिनीनं कणकेवर ताट झाकलं. तिला बोलायची गरजही पडली नाही.

रागिणी खुर्चीत बसली. पर्स अजून खांद्यालाच होती. तिनं फोन काढला, हातात धरून ठेवला, पुन्हा पर्समध्ये टाकला. मग पुन्हा काढला. आईकडे दुसऱ्याच घंटीला, नाव न बघताच फोन उचलला गेला. चंद्रकलाबाई नेहमी यामिनीला विचारत तेच विचारू लागल्या, "हं, आज हात हलवला का तिनं?"

"आई," रागिणी म्हणाली, "मी बोलतेय. रागिणी."

फोन दोघींपैकी कुणीच ठेवला नाही, आणि थोड्या वेळानं आर्वी उठून आईजवळ आली आणि म्हणाली, "आजी आहे का? मला दे."

रागिणीनं फोन तिच्या हातात दिला.